एका कॅबिनेटमध्ये बेळगाव, पुणे आणि बोम्मसंद्रा

सासरे बेळगावहून कायमचे आमच्याकडे राहायला आले, तेव्हा ते गाडीत पुढे बसले होते आणि मागच्या सीटवर, सोलापुरी चादरीत गुंडाळलेला, वरून पट्टा बांधलेला त्यांचा कॉम्प्युटर बसला होता. कपड्यांच्या बॅगा डिकीत होत्या. मारतहळ्ळीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने काचेतून आत डोकावून विचारलं, मागे कोण झोपलंय? नवरा म्हणाला, "सामान आहे." सासऱ्यांनी लगेच दुरुस्ती केली. "सामान नव्हे. कॉम्प्युटर आहे."

मी त्यांना मामा म्हणते. त्यांच्याकडची पद्धत आहे ती. मी पुण्याची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण मामांचं आणि माझं बोलणं चहा ठेवू का आणि गोळी घेतलीत का याच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. भांडण वगैरे काही नव्हतं. ते फार मर्यादेने वागायचे. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, तरी आत येण्याआधी ते खोकायचे, आणि मी "या ना" म्हणेपर्यंत फ्रिजपाशी उभे राहायचे. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती. मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर एकट्याने राहणं जमेना, म्हणून नवऱ्याने त्यांना आणलं.

नोकरी त्यांची दस्त नोंदणीच्या कचेरीत झालेली. खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं यांच्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि एका जुन्या सहकाऱ्याने त्यात पत्रिका जुळवायचा प्रोग्राम घालून दिला. मामांचा पत्रिकेवर काडीचाही विश्वास नाही. ते आलेल्या माणसाला आधी तसं सांगायचे. "मी मानत नाही. पण गणित बरोबर काढून देतो." यामुळे लोकांचा त्यांच्यावर दुप्पट विश्वास बसला. मानणारा माणूस काहीतरी हात राखून सांगेल, न मानणारा कशाला खोटं बोलेल, असं काहीतरी असावं. त्यांच्या गल्लीतली निम्मी लग्नं त्या कॉम्प्युटरवरून पार पडली होती. माझंही त्यातच आलं.

इथे आल्यावर त्यांनी तो खोलीत मांडला, चादरीची घडी केली, बटण दाबलं. फट्‌ असा आवाज झाला आणि जळक्या रबराचा वास आला. मामांनी प्लग काढला, खिडकी उघडली आणि खुर्चीवर बसून राहिले.

मी त्यांना आमच्या कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराशी मामा कन्नडमधून बोलले, आणि तो बिचारा आधी कॉम्प्युटर बाजूला ठेवून त्यांचं कन्नडच ऐकत बसला. बेळगाव-धारवाडकडचं खणखणीत कन्नड त्याने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं म्हणे. मग त्याने निदान सांगितलं. मदरबोर्ड गेला. आतली हार्ड डिस्क मात्र "सरी इदे, सार्." म्हणजे मेंदू शाबूत, धड गेलं. डिस्क दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावता येईल, पण ही जुनी सिस्टीम आता कोण वापरतं, त्यापेक्षा नवीन घ्या, असं त्याचं मत पडलं.

"नवीन नको," मामा म्हणाले.

घरी येताना मी म्हटलं, "मामा, पत्रिका आता फोनवरही जुळते. जन्मतारीख घातली की झालं."

"ते नको."

"का पण?"

"ते नको," मामा पुन्हा म्हणाले आणि रस्त्यावरच्या बसकडे बघायला लागले. एवढ्या मऊ माणसाने एकच वाक्य दोनदा म्हणावं, याचं मला नवल वाटलं. मग मीच म्हटलं, आपल्या घरच्या डेस्कटॉपला लावू तुमची डिस्क.

आता आमच्या डेस्कटॉपबद्दल सांगायला हवं. तो नवऱ्याने लग्नाआधी हौसेने जोडून घेतला होता. त्यामुळे मामांच्या जुन्या सिस्टीमला अगदीच परका वाटावा इतका तो नवा नव्हता. त्यात दोन डिस्क आधीच होत्या. एक मोठी, नवऱ्याची. तो शहराच्या टोकाला बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात आहे, त्याची सगळी ड्रॉइंगं आणि नवी सिस्टीम त्या डिस्कवर. दुसरी माझी. तिच्यावर पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीच्या काळातलं काहीबाही पडून होतं. ते सगळं पुसून तिथे लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकायची, असं मी दर दिवाळीला ठरवत होते. आता कॅबिनेट उघडायचंच आहे, तर तेही काम उरकून टाकू असं ठरलं. तीन डिस्क, तीन सिस्टीम, आणि सुरू करताना कुठली हवी ते विचारणारा एक मेनू. मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. मला हे काम दुपारच्या डुलकीआधी आटपेल असं वाटत होतं.

शनिवार होता, दसऱ्याच्या आधीचा. सोमवारी दसरा. नवरा घरी नव्हता. त्यांच्या कारखान्यात आयुध पूजा मोठी असते आणि पूजेआधी सगळी यंत्रं धुऊन, पुसून, रंगवून घ्यायची जबाबदारी त्याच्याकडे होती. जाताना दारातून त्याने एकच सांगितलं.

"माझ्या डिस्कला हात लावू नका."

मामा आणि मी हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून बसलो. म्हणजे मी जमिनीवर, मामा गुडघ्यामुळे खुर्चीवर. त्यांच्या मेलेल्या कॅबिनेटमधून डिस्क काढली, सीडी ड्राइव्हही काढला, कारण सिस्टीम दुरुस्त करायला लागणारी त्यांची मूळ प्रत सीडीवर होती. ती सीडी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पाकिटात आणि पाकीट फायलीत ठेवलेलं होतं. मी स्क्रू काढून त्यांच्या हातात देत होते आणि ते स्टीलच्या वाटीत ठेवत होते.

तिन्ही डिस्क जोडून मी पडद्यावर यादी उघडली. डिस्क शून्य, डिस्क एक, डिस्क दोन.

"यात माझी कुठली?" मामांनी विचारलं.

"शून्य. नाही, थांबा. दोन असेल."

"असेल म्हणून चालत नाही," मामा म्हणाले. "खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ती कशासाठी? पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला तमक्याची विहीर. नुसत्या नंबरावर एक माणूस दुसऱ्याचं शेत नांगरून आला होता आमच्याकडे. नावं दे यांना."

म्हणून आम्ही नावं दिली. मामांची डिस्क बेळगाव, नवऱ्याची बोम्मसंद्रा, माझी पुणे. मामांनी पांढऱ्या चिकटपट्टीवर सुंदर अक्षरात तिन्ही नावं लिहून डिस्कवर डकवली. कचेरीतलं वळणदार अक्षर होतं, खाली शिक्का उमटवायचा तेवढा बाकी होता.

मग नवऱ्याने बजावलेलं लक्षात ठेवून मी बोम्मसंद्र्याची वायर काढून ठेवली. पुण्याचीही काढली. एक सिस्टीम टाकताना बाकीच्या डिस्क सोडवून ठेवलेल्या बऱ्या, चुकून भलतीकडे काही लिहिलं जात नाही. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला, आणि तो मामांनी उचलला.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"बोम्मसंद्रा तोडलंय," मामा म्हणाले. "बेळगाव दुरुस्त करतोय. पुणे पुसणार म्हणते ही."

पलीकडे बराच वेळ नुसता यंत्र धुण्याचा आवाज येत राहिला.

बेळगावमधली सिस्टीम मुळापासून नव्याने टाकायची नव्हती. तशी टाकली असती तर पत्रिकेचा प्रोग्राम गेला असता, आणि ज्याने तो घालून दिला ते गृहस्थ आता हयात नव्हते. आहे त्या जागीच ती दुरुस्त करायची होती, म्हणजे नव्या मदरबोर्डशी तिची ओळख करून द्यायची. सीडी घरघरली, पडदा निळा झाला आणि त्यावर वापराच्या अटी आल्या. मान्य असल्यास एफ-आठ दाबा.

मी दाबणार, तोच मामांचा हात आडवा आला.

"वाचलंस?"

"मामा, हे कुणी वाचत नाही."

"न वाचता सही?"

"सही नाही हो. नुसतं बटण दाबायचं."

"म्हणजे अंगठा," मामा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

त्यांनी ते सगळं वाचलं. निळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत, पान खाली करत करत, मध्येच मागे जात, ओठांत पुटपुटत. मी तेवढ्यात कुकर लावून आले. भात झाला, वरण झालं, तरी मामा वाचतच होते. एकदा त्यांनी मला हाक मारून विचारलं, यात लिहून देणाऱ्याचं नाव वरती आहे, लिहून घेणाऱ्याचं कुठेच नाही, हे कसं? मी म्हटलं, जो बटण दाबेल तो. "आणि साक्षीदार?" साक्षीदार नसतात म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. आयुष्यात त्यांनी हजारो दस्त पाहिले होते, पण दोन साक्षीदारांशिवाय एकही नाही. शेवटी त्यांनी निकाल दिला.

"एकतर्फी आहे. पण फसवणूक नाही, सगळं स्पष्ट लिहिलंय. दाब."

मग काम सुरू झालं आणि आम्हाला काही करण्यासारखं उरलं नाही. कॉम्प्युटरवर सिस्टीम चढत असते तेव्हा माणूस उठूनही जात नाही आणि बसून काही करूही शकत नाही. पडद्यावर उरलेला वेळ दिसत होता आणि तो बराच वेळ तेवढाच उरलेला होता. टीव्ही लावावा तर प्लग कॉम्प्युटरने अडवलेला. म्हणून आम्ही बोलायला लागलो.

"तू ऑफिसात नेमकं करतेस काय?" मामांनी विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधते."

"त्याचा पगार देतात?"

"हो."

मामांनी थोडा विचार केला. "आणि घरी आल्यावर काढत नाहीस. हे विशेष आहे की."

मी हसले, मग तेही हसले. मामांचा एक दात सोन्याचा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी मला एका बक्षीसपत्राची गोष्ट सांगितली. एका म्हाताऱ्याने आपली म्हैस मुलीला बक्षीस दिली आणि नोंदणीसाठी म्हैसच कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत आणली. साहेब म्हणाले म्हशीची नोंदणी इथे होत नाही. म्हातारा म्हणाला, मग हिला परत एवढं चालवत नेऊ का. शेवटी मामांनी कोऱ्या कागदावर तसं लिहून, सही करून म्हातारा वाटेला लावला, आणि म्हैस मुलीच्या गावी गेली. आणखी दोन गोष्टी झाल्या. मी त्यांना माझ्या पहिल्या साहेबांची नक्कल करून दाखवली. पडद्यावरच्या वेळाकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही, आणि लक्ष नव्हतं तेव्हाच तो पुढे सरकला.

दुपार कलता कलता पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं. चित्र ओबडधोबड, अक्षरं राक्षसासारखी मोठी, पण टेकडी मामांच्या कॉम्प्युटरवरची तीच. मामांनी चष्मा काढून पुसला.

"आलं बेळगाव," ते म्हणाले.

कॅबिनेट उघडंच होतं, म्हणून मी लगेच पुणे करायला घेतलं. बेळगावची वायर काढली, पुण्याची लावली. पुसायच्या आधी यंत्राने विचारलं, सगळं जाईल, नक्की का? मी मामांकडे बघितलं.

"तुझं पुणे आहे," मामा म्हणाले. "मी काय सांगू?"

लिनक्स पटकन चढलं. मग तिन्ही वायरी लावल्या, मेनूला सांगितलं की बाबा, घरात कोणकोण आहे ते शोध. त्याने शोधलं आणि यादी दाखवली. पुणे होतं. बोम्मसंद्रा होतं. बेळगाव नव्हतं.

मी पुन्हा शोधायला लावलं. पुन्हा तेच. मी घामाघूम झाले. मामा मात्र शांत होते.

"बेळगाव कुणाच्या यादीत घालायचं, हा वाद तसा जुनाच आहे," ते म्हणाले. "आमच्या जन्मापासून चाललाय. एका संध्याकाळीत तुझ्या हातून सुटायचा नाही. बघू सवडीने."

पण सवडीने बघून चालणार नव्हतं, आणि याचं कारण आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या अक्का.

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठीच बोलतात, पण त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड विरघळलेलं असतं. त्या रविवारी सकाळी झेंडूची फुलं घेऊन आल्या आणि हॉलमध्ये जमिनीवर आ वासून पडलेलं कॅबिनेट बघून दारातच थांबल्या.

"हे काय हो, ऑपरेशन चाललंय?"

मामांनी सांगितलं, पत्रिकेचा कॉम्प्युटर आहे, दुरुस्त होतोय. अक्का तिथेच खुर्चीवर बसल्या. त्यांच्या भाचीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलाकडची माणसं दसऱ्याला संध्याकाळी येणार होती. पत्रिका कुणाला दाखवावी या विवंचनेत त्या होत्या, आणि माणूस समोरच्या दारात निघाला.

"स्वल्प बघून सांगा की, अण्णा," त्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळच्या आत."

मामा म्हणाले, मी मानत नाही, पण गणित काढून देतो. अक्कांचा चेहरा उजळला. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"आज नाही," मामा म्हणाले.

"का?"

"आज खंडेनवमी. आज हत्यारांची पूजा. हत्याराला आज विश्रांती."

मी म्हटलं, मामा, तुम्ही पत्रिका मानत नाही. ते म्हणाले, पत्रिका वेगळी आणि हत्यार वेगळं. हत्याराने वर्षभर काम केलेलं असतं, ग्रहांनी काय केलंय? अक्कांनीही "सरी सरी, आयुध पूजेला मशीन चालवत नाहीत" म्हणून त्यांचीच बाजू घेतली. थोड्या वेळाने पाटावर माझा स्क्रू ड्रायव्हर, मामांची कात्री, नवऱ्याची पक्कड आणि स्वयंपाकघरातली सुरी मांडली गेली. कॅबिनेटला हळद-कुंकू लागलं. अक्कांनी भक्तिभावाने अक्षता टाकल्या. पाटावर टाकल्या आणि उघड्या कॅबिनेटवरही टाकल्या. मी "अक्का" म्हणेपर्यंत तांदूळ आत पडले होते.

दिवसभर कॅबिनेट तसंच पूजेत राहिलं. त्याच्यापुढे निरांजन, वर झेंडूची माळ. नवऱ्याला कारखान्यातून यायला संध्याकाळ झाली. कपाळावर गंध, शर्टाला रंगाचे डाग. त्याने ते दृश्य बघितलं, चप्पल काढायची विसरून तसाच उभा राहिला.

"माझी ड्रॉइंगं?" त्याने विचारलं.

"आहेत," मी म्हटलं. "बोम्मसंद्रा सुखरूप आहे. बेळगाव हरवलंय."

"प्रसाद घे," मामा म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी मामांनी पूजा उतरवली, स्क्रू ड्रायव्हर कपाळाला लावून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, चालू दे. मी बटण दाबलं. आतून भाताच्या गिरणीसारखा खडखडाट सुरू झाला. पंख्यात अक्षता अडकल्या होत्या. मी बंद केलं. मग भुवया कोरायच्या चिमट्याने मी एकेक दाणा उचलत बसले आणि मामा ते स्टीलच्या वाटीत घेत राहिले. नवऱ्याने केसांच्या ड्रायरने फुंकर मारायची सूचना केली, तर बापाने त्याच्याकडे असं बघितलं की तो ड्रायर ठेवून आला. तांदूळ काढता काढता मला बेळगावच्या मागे काहीतरी लोंबताना दिसलं. वायर होती. बसली आहे असं वाटत होतं, पण अर्धवटच बसली होती. तेवढ्यासाठी मी शनिवारची संध्याकाळ घाम पुसत काढली होती. डिस्क बाहेर काढली, वायर दाबून बसवली, स्क्रू आवळले. पुन्हा शोध घेतला.

पुणे. बोम्मसंद्रा. बेळगाव.

मामांनी स्वतः बाण खाली नेऊन बेळगाववर एंटर मारलं. टेकडी आली. पत्रिकेचा प्रोग्राम उघडला, त्यावर एक ओबडधोबड गणपती आणि खाली रकाने.

आता अक्कांच्या भाचीची माहिती घालायच्या आधी प्रोग्राम नीट चालतोय का ते बघायला हवं होतं. माझा धंदाच तो. तपासायचं तर उत्तर आधी माहीत असलेलं उदाहरण घ्यावं. मी माझी आणि नवऱ्याची जन्मतारीख, वेळ, गाव घातलं. छत्तीसपैकी सत्तावीस गुण. आमच्या लग्नाच्या वेळीही सत्तावीसच आले होते, माझ्या आईने ते सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं. बरोबर होतं. पण एका ठिकाणी उत्तर जुळलं म्हणून तपासणाऱ्याचं समाधान होत नाही. मी फोनवर तीच माहिती एका साइटवर घातली.

चौदा.

मी पुन्हा घातली. पुन्हा चौदा. अठराच्या खाली आले तर लग्न करत नाहीत, एवढं मलाही माहीत होतं. नवरा आंघोळीला गेला होता. मी फोन मामांच्या पुढे धरला. त्यांना नवल वाटलं नाही.

"म्हणून ते नको म्हणत होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी त्यांच्या एका मित्राने नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि गंमत म्हणून मामांनी त्यावर आमची दोघांची पत्रिका घातली. चौदा. ग्रहांचं गणित सुरू कुठून करायचं, याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. तुझा चंद्र नेमका सीमेवर आहे, म्हणाले, एका पद्धतीत अलीकडे पडतो, दुसऱ्या पद्धतीत पलीकडे. मामांना त्याचं काही वाटलं नाही, ते मानतच नव्हते. पण सासूबाई मानायच्या.

"तिला कळलं असतं तर ती तुझ्या प्रत्येक सर्दीला घाबरली असती," मामा म्हणाले. "म्हणून मी ठरवलं, घरात दुसरं गणित येऊ द्यायचं नाही. लोक म्हणायचे नवीन घ्या, नवीन घ्या. मी म्हणायचो हेच बरं आहे."

"पण मामा, त्या जाऊनही आता..."

"होय की. पण सवय लागली." ते म्हणाले. "आणि तुला कळू नये असंही वाटत होतं. तू पुण्याची. तू मानतेस की नाही, मला कुठे ठाऊक? कधी विचारलं नाही."

मी त्यांना सांगितलं, मी मानत नाही. मामा म्हणाले, बरं झालं. मी चहा ठेवला, आणि ते न खोकता स्वयंपाकघरात आले व साखरेचा डबा शोधायला लागले.

अक्का बारा वाजायच्या आत हजर झाल्या. मामांनी भाचीची आणि मुलाची माहिती घातली. पंधरा आले. मी पटकन मामांकडे बघितलं, मामांनी माझ्या फोनकडे बघितलं. फोनवर घातली, तर चोवीस.

आता मामा पेचात सापडले. आयुष्यभर त्यांनी एकाही दस्तात खाडाखोड होऊ दिली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, आणि अक्कांना खरं ते सांगितलं.

"दोन गणितं आहेत. एकात पंधरा येतात. दुसऱ्यात चोवीस. दोन्ही बरोबर आहेत. मी मानत नाही."

अक्का गोंधळल्या. "दोन कशी असतील हो?"

"असतात. आधी मला सांगा, मुला-मुलीने एकमेकांना बघितलंय का?"

"बघायचं काय? एकाच ऑफिसात आहेत. इलेक्ट्रॉनिक सिटीला एकाच बसने जातात, एकाच बसने येतात. तिनेच तर सांगितलं याच्या घरच्यांना बोलवा म्हणून."

"रिंग रोडवरून?" मामांनी विचारलं.

"हो, रोज."

"त्या गर्दीत रोज जाता-येता शेजारी बसून अजून भांडले नाहीत?"

"नाही की."

"मग आणखी कुठले गुण बघताय?"

अक्कांनी क्षणभर विचार केला. त्या व्यवहारी बाई आहेत. "ते सरी आहे अण्णा, पण त्यांच्या घरी आजी आहे. तिला आकडा लागतो. तुम्ही चोवीसवालं द्या."

मामांनी कागद घेतला, वळणदार अक्षरात चोवीस गुण लिहिले, खाली कुठल्या पद्धतीने काढले तेही लिहिलं, सही केली. मग माझ्यापुढे कागद सरकवला.

"साक्षीदार म्हणून," ते म्हणाले. "एक तू, एक तो."

नवरा टॉवेलवरच बाहेर आला होता. त्याने काय, कशासाठी हे न विचारता सही केली. न वाचता सही केल्याबद्दल त्याला तिथल्या तिथे ऐकून घ्यावं लागलं.

लग्न ठरलं. अक्कांनी ही बातमी सोसायटीभर केली, आणि मग लोक यायला लागले. मामा सगळ्यांना दोन्ही आकडे सांगतात. बहुतेक जण मोठा घेऊन जातात. एकच गृहस्थ छोटा आकडा मागून घेऊन गेले. त्यांना स्थळ मोडायचं होतं आणि कारण सापडत नव्हतं.

हल्ली मात्र मामा बेळगावपेक्षा पुण्यातच जास्त असतात. एकदा मी त्यांना लिनक्स मराठीत करून दाखवलं, आणि त्यातले शब्द वाचून ते अस्वस्थ झाले.

"हे मराठी कुणी केलं?"

मी सांगितलं, लोकच करतात, फुकट, आणि कुणालाही दुरुस्ती सुचवता येते. मामांचा आधी विश्वास बसला नाही. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आता शनिवारी सकाळी माझी सुट्टी असली की आम्ही बसतो. ते शब्द सांगतात, मी टाइप करते, आणि पाठवण्याआधी ते सगळं मोठ्याने वाचून दाखवायला लावतात. गेल्या आठवड्यात 'कचरापेटी'वर अडलो. त्यांना 'केराची टोपली' हवं आहे. मी म्हटलं, पुण्यात असं कुणी म्हणत नाही.

"बेळगावात म्हणतात," मामा म्हणाले.

नवरा बोम्मसंद्र्याला जायला निघाला होता. आम्ही त्याचं मत विचारलं. तो म्हणाला, मला उशीर होतोय, आणि जिना उतरून गेला.